अर्धी मखमल

आमचा सोफा हिरवा आहे हे मला लहानपणी फक्त खोळी धुवायच्या दिवशी आठवायचं. एरवी तो पांढरा असे. आम्ही इंदूरला राहायचो; जवळच्या महूच्या छावणीतल्या कुठल्याशा साहेबाने बदलीच्या वेळी घरचं सामान विकायला काढलं, तेव्हा बाबांनी तो घेतला होता. तिघांना ऐसपैस बसता येईल असा लांब, गोल हातांचा, गर्द हिरव्या मखमलीचा. तो घरी आला त्याच आठवड्यात आईने जाड मांजरपाट आणून त्याच्या खोळी शिवल्या, मागच्या बाजूला नाड्या लावल्या आणि मखमल झाकून टाकली. पाहुणे यायचे, पांढऱ्या कापडावर बसायचे, चहा-पोहे घेऊन जायचे. मखमल कोणाच्या वाट्याला येत नसे. खोळी धुवायला निघाल्या की मी तिच्यावर तळहात फिरवायचे. एका दिशेने फिरवला की काळपट, उलट फिरवला की पोपटी. आई स्वयंपाकघरातूनच ओरडायची, "नलू, काय करून राहिलीस? हात नको लावूस, बसायचा नाहीये तो." मग आणला कशाला, असं दुसऱ्या मुलीने विचारलं असतं. मी विचारणारी नव्हते. नन्सच्या शाळेत दिवसभर इंग्रजी, रस्त्यात हिंदी आणि घरात मराठी, आणि तिन्ही भाषांत मी कमीच बोलायचे. काय बोलायचं ते ठरेपर्यंत समोरच्याचं बोलून झालेलं असे.

पुढे आईचं हृदय दुखणाईत झालं. आडवं पडलं की तिला श्वास पुरेनासा व्हायचा. डॉक्टर म्हणाले, बसूनच झोपू द्या. पलंगावर लोड लावून बघितले, आरामखुर्ची बघितली, शेवटी सोफ्याच्या खिडकीकडच्या कोपऱ्यात तिला बरं वाटलं आणि ती तिथेच राहायला गेली. पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "ही खोळ टोचते गं, काढ." मी नाड्या सोडल्या. इतकी वर्षं जी मखमल तिने कोणाला वापरू दिली नाही, तिच्यावर ती पावसाळ्यापर्यंत बसून राहिली. तिथूनच ती मोलकरणीला सूचना द्यायची, भाजीवाल्याशी खिडकीतून घासाघीस करायची, मिलचा भोंगा झाला की माझा कॉलेजचा डबा भरला का ते विचारायची. डोक्याला ब्राह्मीचं तेल लावायची सवय तिने सोडली नाही. हळूहळू पाठीवर, तिचं डोकं टेकायचं तिथे, लांबट काळा डाग उमटला. सोफ्याच्या उजव्या हातावर औषधाचे ओघळ वाळून कडक झाले. ती नेहमी एकाच बाजूला कललेली असल्यामुळे गादीही तिथे बसली.

श्रावणात ती हॉस्पिटलमध्ये गेली आणि परत आली नाही. नवं राज्य झालं तेव्हा बाबांचं ऑफिस राजधानीबरोबर भोपाळला गेलं होतं. ते तिथे खोली घेऊन राहत आणि शनिवारी बसने घरी येत. तार मिळून ते पोचले तेव्हा सगळं आटोपायच्या बेतात होतं. मी रडले नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही आणि खंत म्हणूनही सांगत नाही. बायका येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि मला त्यांच्या बांगड्यांचा आवाज ऐकू येत होता, एवढंच. दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं माझं सगळंच झालं होतं. नळाचं पाणी, भात, ऊन, सगळं होतं. माझ्यापर्यंत येत नव्हतं. कोणी काही विचारलं तर मी "हो" म्हणायचे. जेवलीस का, हो. झोप लागली का, हो. त्या महिन्यांतलं माझं तेवढंच एक उत्तर होतं आणि ते सगळ्यांना पुरत होतं.

अक्काआत्या उज्जैनहून दिवसांसाठी आली आणि राहिली. बाबांची थोरली बहीण, लवकर विधवा झालेली, तोंडाची फटकळ आणि हाताची झपाट्याची. तिने आल्या आल्या डबे पुसले, लोणची उन्हाला दाखवली, दूधवाल्याला "भिया, पानी में दूध मिलाते हो कि दूध में पानी?" असं विचारून सरळ केला. वर्ष सुतकी म्हणून घरात तळण नव्हतं. दिवाळीला शेजारच्या घरांतून फराळाची ताटं आली आणि आम्ही दोघी ती समोरासमोर बसून न बोलता खाल्ली. आत्या मायेची नव्हती असं नाही. पण माया करायची म्हणजे काहीतरी उरकायचं, असा तिचा समज होता. आणि आता तिला माझं लग्न उरकायचं होतं. घरात आई किंवा वडील गेले की मुलीचं लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ होतं. "तीन वर्षं कोण थांबून राहिलंय?" आत्या म्हणायची. "तोवर ही तेवीसची होईल. आणि माझं काय? मला माझं घर आहे नं तिकडे, कुलूप लावून आलीये मी." मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. लग्न झालं असतं तर ते तिथेच राहिलं असतं. तिने मला विचारलं, "जबलपूरचं स्थळ आहे, मुलगा इंजिनिअर आहे, बोलवू?" खरं म्हणजे ते विचारणं नव्हतं. विचारताना तिची पाठ माझ्याकडे होती आणि पोस्टकार्ड आधीच गेलेलं होतं. मी हो म्हटलं.

मंडळी रविवारी यायची ठरली, तेव्हा आत्याची नजर सोफ्याकडे गेली. खोळी परत चढवाव्यात तर त्या आईच्या आजारपणात फाडून फडकी झालेल्या. उघडा ठेवावा तर तो कोपरा तसा. आमच्याकडे ठेवणीतले शालू रिठ्याच्या पाण्यात धुतात. आत्या म्हणाली, शालू निघतो तर सोफा का नाही निघणार? तिने पातेलंभर रिठे उकळले, फेस काढला आणि सोफ्याचा औषधाचा हात चांगला भिजवून, घासून, वर दोन तांबे स्वच्छ पाणी ओतलं. मी बादली धरून उभी होते. पाणी आत गेलं ते गेलंच. दोन दिवसांनी हात वाळला तेव्हा त्याच्यावर तपकिरी कडेचं मोठं वर्तुळ उमटलं होतं आणि खोलीभर ओल्या काथ्याचा वास सुटला होता. मोलकरीण गेंदाबाई दारातून बघून म्हणाली, "बईजी, यो तो बिगड़ी गयो." आत्या तिच्यावर ओरडली आणि मग पाटावर बसून राहिली. बाबांच्या ओळखीतल्या कोणीतरी सांगितलं, महूला एक माणूस आहे, छावणीतल्या ऑफिसरांच्या मेसचे सोफे साफ करतो, घरीही येतो.

तो शुक्रवारी सकाळच्या गाडीने आला. लॉरेन्स त्याचं नाव. टाय लावलेला, त्यावर खाकी एप्रन, आणि पत्र्याच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने इंग्रजीत स्वतःच्या नावापुढे 'एक्स्पर्ट' असं लिहिलेलं. बोलका होता, आणि बढाईखोरही. दारातच त्याने सांगून टाकलं की त्याने साफ केलेल्या सोफ्यावर एक ब्रिगेडियर बसले आणि उठायला तयार होईनात. सोफ्यासमोर उकिडवं बसून त्याने बोटाने मखमल उलटसुलट केली, नाक लावून वास घेतला आणि जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं.

"इसे नहलाया किसने?"

"मैंने," आत्या म्हणाली. "रीठे से. साबण नहीं लगाया हं भिया."

"माताजी, मखमल को नहलाते नहीं, पोंछते हैं. ये साड़ी थोड़ी है कि निचोड़ के सुखा दी."

"तो पानी बिना साफ कैसे होगा? फूँक मारोगे क्या?"

"देखती जाइए."

आत्याला हे बोलणं लागलं. ती थोडा वेळ कंबरेवर हात ठेवून उभी राहिली, मग मला म्हणाली की रविवारसाठी वेलदोडे-खोबरं-साखर आणायला ती सियागंजच्या बाजारात जातेय, तिथून दोन ठिकाणी निरोपही द्यायचे आहेत. मराठीत, पण त्याला कळेल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "नजर ठेव. छावणीची माणसं." टांगा वळेपर्यंत लॉरेन्स हसत होता. मग तो माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाला, तुमच्या आत्या मेसमध्ये असत्या तर सगळी मेस वेळेवर जेवली असती. मी हसले नाही, पण हे हसण्यासारखं आहे असं माझ्या लक्षात आलं. बऱ्याच दिवसांत तेवढंही आलं नव्हतं.

मी दाराजवळच्या वेताच्या मोड्यावर पुस्तक घेऊन बसले आणि पुस्तक न वाचता बघत राहिले. त्याने आधी ओलं फडकं पसरून त्यावरून वेताने सोफा झोडपला. धूळ उडाली नाही, फडक्याला चिकटली. मागच्या बाजूला, भिंतीकडे, जिथे कोणाला दिसणार नाही तिथे थोडासा फेस लावून पांढऱ्या चिंधीने पुसला आणि चिंधी उजेडात धरली. चिंधीला हिरवं लागलं नाही. मग ट्रंकेतून खडू काढून त्याने सोफ्याच्या बरोबर मधोमध, पाठीपासून बैठकीच्या कडेपर्यंत, एक सरळ रेघ ओढली.

"मिस साहब, पहले आधा," तो म्हणाला. "आधा देखिए, फिर हुकुम दीजिए. बिना पूछे दूसरा आधा मैं छूता नहीं. एक कर्नल साहब की मेम थीं, बाद में बोलीं, हमारा रंग तो ऐसा था ही नहीं, तुमने उड़ा दिया. तब से आधे पर रुकता हूँ. आधे के बाद मालिक की ज़ुबान चाहिए."

आणि अर्धा म्हणून त्याने खिडकीकडचा निवडला. साहजिक होतं. जो जास्त खराब, तोच करून दाखवायचा, म्हणजे फरक डोळ्यांत भरतो. मला तेव्हा कळलं की तो आता काय पुसणार आहे. थांबवायला तेव्हाही वेळ होता. मी थांबवलं नाही. त्याने तेलाच्या डागावर मुलतानी मातीची पूड थापली आणि ती तेल पिऊन पिवळी पडेपर्यंत सोफ्याच्या हातावर स्पिरिटने काम केलं. मग साबणाच्या पातळ चुऱ्याचा फेस एका भांड्यात घुसळला, अगदी ताक घुसळावं तसा, आणि खालचं पाणी तसंच ठेवून वरचा कोरडा फेस तेवढा ब्रशवर घेतला. छोटी छोटी वर्तुळं, लगेच पुसणं, चिंधी पिळणं, पुन्हा. खोलीत स्पिरिटचा वास भरला आणि ब्राह्मीचा वास, जो आहे हे मी विसरले होते, थोडा वेळ वर आला आणि गेला. चिंध्या बादलीत काळ्या होत होत्या. शेवटी त्याने मऊ ब्रशने मखमलीची लव एका दिशेने विंचरली, आईने माझे केस विंचरावेत तितक्याच बेफिकीर सफाईने. मला काही झालं नाही. मी पानाचा कोपरा दुमडला आणि परत सरळ केला.

आता म्हातारपणी राऊच्या बाजूच्या माझ्या फ्लॅटमध्ये सोफे साफ करणाऱ्या कंपनीची मुलं येतात. दरवर्षी येतात, माझ्या मुलाने तसं फोनवरून बांधून दिलंय. टी-शर्टवर नाव, हातात पाणी फवारून लगेच ओढून घेणारं मशीन. तीही आधी अर्धी गादी साफ करतात. पहिल्या वेळी मी सावरून बसले, आता विचारतील म्हणून. पण ती मोबाइलवर फोटो काढतात, एका बाजूला मळकं, एका बाजूला लख्ख, आणि पुढे चालू लागतात. मी एकदा विचारलं, "उरलेलं करायचं की नाही, विचारत नाही का तुम्ही?" त्यांतला एक हसला. "आंटी, पैकेज पूरे का है." बरोबरच आहे त्याचं.

लॉरेन्स बाजूला झाला आणि त्याने हात पुसले. खडूच्या रेघेच्या अलीकडे आमचा रोजचा सोफा होता, धुळीने मंदावलेला, थोडा करडा. पलीकडे महूहून आला त्या दिवशी असेल तसा गर्द हिरवा. डाग नव्हता. वर्तुळ नव्हतं. बसलेली गादीही त्याने खालून ठोकून वर आणली होती. आई जिथे बसायची नेमकी तेवढीच जागा नवी झाली होती, जणू तिथे कधी कोणी बसलंच नव्हतं, आणि म्हणूनच ती जागा खोलीतल्या कुठूनही दिसत होती. गेल्या पाच महिन्यांत मला आई गेली हे माहीत होतं. तिची जागा मोकळी आहे, हे मी तेव्हा बघितलं.

"बोलिए मिस साहब," लॉरेन्स म्हणाला. "बाकी करूँ?"

तो खरोखर थांबला होता. ब्रश फेसाच्या भांड्यावर आडवा ठेवला होता आणि तो माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याने माझ्याकडे पाठ केलेली नव्हती. त्याच्यामागे पोस्टकार्ड आधीच गेलेलं नव्हतं. हो म्हटलं असतं तर त्याने केलं असतं, नाही म्हटलं असतं तर नसतं केलं. इतकी साधी गोष्ट होती.

"नो," मी म्हटलं. नकार मला इंग्रजीत सोपा गेला. घरातल्या भाषेत त्याची सवय नव्हती. "लीव्ह इट लाइक धिस."

तो चकित झाला. रंग आवडला नाही का, विचारलं. आवडला, मी म्हटलं. मग? मी पुस्तक मिटलं. त्याने एकदा रेघेकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मान हलवली. त्याला पटलं नव्हतं, पण त्याचाच नियम होता. ट्रंक भरताना तो स्वतःशीच म्हणाला, "नाम मेरा ख़राब होगा, और क्या."

आत्या दुपारी आली. टांग्यातून उतरतानाच तिच्या हातातल्या पिशवीवर साखर सांडलेली होती आणि ती कोणालातरी बोलत येत होती. दारात थबकली.

"हे काय? पळाला का तो?"

"नाही. मी थांबवलं."

"का?"

मी तिच्या पिशवीवरची साखर झटकली.

"अगं अर्धा सोफा कोणी धुवून घेतं का?" ती म्हणाली. "अर्धं डोकं विंचरून वरातीत जाणार आहेस का तू? परवा माणसं येऊन राहिलीयेत नलू! बोलाव त्याला." पण तो दुपारच्या गाडीने महूला गेलाही होता आणि पुढचा आठवडाभर मेसच्या कामात होता. हे कळल्यावर तिने पिशवी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. आजवर घरात असलेली वस्तू अचानक बोलली तर कोणी बघेल, तसं.

शनिवारी संध्याकाळी बाबा आले. आत्याने त्यांना बूट काढायच्या आत सगळं सांगितलं. ते सोफ्यासमोर उभे राहिले. प्रवासाची धूळ त्यांच्या चष्म्यावर होती, ती त्यांनी पुसली नाही.

"कोणी सांगितलं असं ठेवायला?" त्यांनी विचारलं.

"मी."

"बरं," ते म्हणाले, आणि करड्या बाजूला टेकून बुटांच्या नाड्या सोडू लागले. सोडून झाल्यावरही बराच वेळ ते तसेच वाकून होते.

रविवारी आत्याने सोफ्यावर सोलापुरी चादर घातली, कडा आत खोचल्या, वर हात फिरवला. तळण नसल्यामुळे तिचा जीव वरखाली होत होता. "गराडूचे कंद तळायचे दिवस आणि पाहुण्यांना नुसते पोहे! बाहेरची शेव, बाहेरची जलेबी. काय म्हणतील, मुलीला करता येत नाही." मंडळी तिघं होती, मुलगा, त्याची आई आणि मामा. मुलगा आणि मामा वेताच्या खुर्च्यांवर बसले. मुलाची आई सोफ्यावर, दाराकडच्या बाजूला. मी पोह्यांच्या बश्या दिल्या आणि सांगितलेल्या जागी बसले. मामांनी मला इंग्रजीत दोन प्रश्न विचारले, मी दोन उत्तरं दिली. मुलगा आपल्या बुटांकडे बघत होता. मला वाटतं तोही माझ्यासारखाच हो म्हणून आला होता.

मखमलीवर चादर कधी टिकत नाही. मुलाची आई बशी ठेवायला पुढे झाली आणि खिडकीकडची चादर आपोआप, सावकाश, घसरत खाली आली. रेघ उघडी पडली. त्या बाईंनी मान वळवून बघितलं, मग आपण बसलोय ती बाजू बघितली.

"अगंबाई! अर्धं नवीन कापड लावलंय का?"

"नाही हो," आत्या पटकन म्हणाली. "तो महूवाला मेला अर्धवट टाकून गेला. या लोकांचं काही खरं नाही नं."

"नाही अक्का," बाबा म्हणाले. ते दाराशी उभे होते. "तो टाकून गेला नाही. नलूने थांबवलं त्याला."

मामा हसले. "का बरं? कंटाळा आला की काय?"

सगळे माझ्याकडे बघत होते, मुलगासुद्धा. माझ्या हातात रिकामी बशी होती आणि तिच्यावर एक शेव चिकटलेली होती. मी ती बोटाने सोडवली.

"त्यांनी विचारलं," मी म्हटलं.

"काय विचारलं?"

"पुढे करू का, असं विचारलं. मला विचारलं. म्हणून मी नको म्हटलं."

हे उत्तर कोणाला कळलं नाही. मुलाच्या आईने आत्याकडे बघितलं, आत्याने जलेबीचं ताट पुढे केलं. निघताना त्या बाई अंगणात म्हणाल्या, "मुलगी चांगली आहे हो, फक्त जरा वेगळी आहे नं?" आत्या म्हणाली, "आई गेलीये तिची." माझ्यासाठी तिने घेतलेली ती पहिली बाजू. मी आतून ऐकली.

बाबांना मात्र उत्तर कळलं होतं. मंडळी गेल्यावर आम्ही तिघं स्वयंपाकघरात उरलेले पोहे घेऊन बसलो. बाबांनी दोन घास खाल्ले आणि बशी खाली ठेवली.

"नलू, हे लग्न करायचंय तुला?"

मी विचार केला. खूप शोधलं. आत काही नव्हतं, होही नव्हतं, नाहीही नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हटलं. तेवढंच खरं होतं.

बाबांनी मान हलवली. मग आत्याला म्हणाले, "अक्का, वर्षात नाही झालं तर किती थांबायचं असतं?"

"तीन वर्षं. पण मधू—"

"मग तीन वर्षं थांबू."

"अरे, ते तसं नसतं! वर्षात करायचं म्हणून ते सांगतात. शास्त्र म्हणजे तुझ्या भोपाळची फाइल आहे का, पाहिजे तिथे सही करून राहिलास?"

"शास्त्र तूच सांगितलंस," बाबा म्हणाले. "मी फक्त पाळतोय. तीन वर्षांत हिला माहीत होईल."

आत्याने बश्या गोळा केल्या, जरा जास्तच आवाज करत. मग मोरीजवळ उभी राहून, आमच्याकडे पाठ करून म्हणाली, "आणि तोवर हिच्यापाशी कोण राहणार? तू तिकडे, ती इकडे एकटी."  तिने नळ सोडला. पुढच्या महिन्यात ती उज्जैनला जाऊन आली, येताना आपली पितळी समई आणि गोधड्या घेऊन आली. घराची किल्ली तिने शेजारणीला देऊन टाकली होती.

होळीच्या सुमाराला लॉरेन्स न बोलावता आला. इंदूरमध्ये दुसरं काम होतं, पण आमचा अर्धा सोफा डोक्यातून जात नाही म्हणाला. आत्या दारात होती. तिने मला हाक मारली आणि त्याला म्हणाली, "मुझसे मत पूछो भिया. मालकिन वो खड़ी है." टोमणाच होता. पण तो परत माझ्याकडे वळला, परत थांबला. मी म्हटलं, अजून नाही. त्याने चहा घेतला, खडूची रेघ पुसू देता का विचारलं, ती पुसली आणि गेला. रेघ पुसली तरी फरक दिसतच होता.

त्या कोपऱ्यात बसायचं नाही असं कोणी ठरवलं नव्हतं. बाबा शनिवारी करड्या बाजूला बसत, मी मोड्यावर, आत्या जमिनीवर सतरंजीवर. मी बी.ए. झाले. नंतर एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागले आणि वर्गात, हळूहळू, बोलायला शिकले. माझं लग्न पुढे झालं, मला विचारून झालं, ती गोष्ट इथली नाही. जाणीव मात्र एकदम परत आली नाही. पाय सुन्न झाल्यावर मुंग्या येतात तशी आली, इकडे थोडी, तिकडे थोडी, बहुतेक वेळा बरी न वाटणारी.

त्या तीन वर्षांतल्या शेवटच्या हिवाळ्यातली दुपार होती. आत्याचे गुडघे फार धरले होते. तिच्या हातात सोलायच्या मटारशेंगांनी भरलेलं बांबूचं सूप होतं आणि ती दिवाणखान्यात सतरंजीशी आली, खाली बसायला वाकली आणि वाकता येईना म्हणून तशीच उभी राहिली. बाबांची बाजू माझ्या शाळेच्या वह्यांनी भरलेली होती. तिने खिडकीकडच्या कोपऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी आत्याला बऱ्याच रूपांत बघितलं होतं, पण परवानगी मागताना बघितलं नव्हतं. तिला ते जमत नव्हतं. दोनदा ओठ हलले.

"नलू," ती म्हणाली, "मी इथे बसू का गं?"

मी हातातला लाल पेन खाली ठेवला. सूप तिच्या हातातून घेतलं.

"बस," मी म्हटलं.